इंगळीची पाठ

परवा बंब पेटवायला गोवरी घातली आणि त्या धुराबरोबर मी थेट घोडेगावच्या आमच्या परसात पोचले. बहात्तरचं साल असावं. मी सहा-सात वर्षांची होते. धाकटा भाऊ झाल्यापासून आई मला 'उतर' म्हणायची, तिची कडेवरची जागा त्याची झाली होती आणि मी त्याचा राग राग करायची.

त्याला कडेवर घेऊनच आई गोवऱ्या काढत होती. एक गोवरी उचलली, तर खाली नांगी उगारलेली भली मोठी काळी इंगळी! मी दगड उचलला.

"थांब गं, लेकुरवाळी हाय ती."

इंगळीच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी पिल्लं दाटीवाटीनं बसली होती. मला भीती वाटायच्या ऐवजी त्यांचा हेवा वाटला.

"ती समद्यांना घेती. तू मला का न्हाई घेत?"

"तिला कुटं पानी शेंदायचंय, बाई?" आई हसली आणि तिनं गोवरी हलकेच परत ठेवली.

तेव्हापासून मी विंचू मारलेला नाही. पुढे आईच्याच हट्टामुळे आमच्या घरातून पहिल्यांदा मी कॉलेजात गेले. तिथे शिकले, की पहिली कात टाकल्यावर ती पिल्लं आपणहून पाठीवरून उतरतात. त्यांना कुणी 'उतर' म्हणत नाही, या गोष्टीचा मला भर वर्गात पुन्हा हेवा वाटला.