आते, कुर्र झालं

ग्रेसचा मेसेज आला तेव्हा मी डब्लिनजवळ चेरीवूडच्या ऑफिसात, एका काचेच्या खोलीत, आठ जणांसमोर एका बगवरून वाद घालत होतो. ‘आते गेली’ एवढंच तिने इंग्रजीत लिहिलं होतं आणि त्यातला ‘आते’ हा एकच शब्द इंग्रजी नव्हता. मी मीटिंग पूर्ण केली. कुणाला हा कोरडेपणा वाटेल, पण माझा स्वभावच तसा आहे, हातातलं काम अर्धं टाकून मला रडता येत नाही. मग गाडीत बसलो, आणि घरी पोर्टलीशला येताना वाटेत कुठेतरी गाडी बाजूला घेऊन पोटभर रडलो. डोळे पुसले तेव्हा डोक्यात एकच हिशेब सुरू होता. तिच्या लोकांत चाळिसाव्या दिवशी प्रार्थना होते आणि मग जेवण. म्हणजे माझ्या हातात चाळीस दिवस होते.

ती आमची शेजारीण. पूर्ण नाव तेरेसिता, सगळे तेस म्हणायचे, फिलिपिन्सची, इथल्या हॉस्पिटलात वीसेक वर्षं नर्स. आम्ही या घरात राहायला आलो त्या आठवड्यात मागच्या भिंतीपलीकडून सारखी हाक ऐकू यायची, “आते! आते!” आमच्या नागपूरच्या घरात आत्याला आतेच म्हणतात. पलीकडे मराठी कुटुंब आहे असं वाटून मी अधाशासारखा भिंतीवरून डोकावलो. तिथे एक बुटकी, आखूड केसांची बाई दोरीवरचे ओलेच राहिलेले कपडे काढत होती आणि तिच्याबरोबर राहणारी ग्रेस तिला हाका मारत होती. मी विचारलं, तुम्ही हिच्या आत्या का? दोघी गोंधळल्या. मग उलगडा झाला की त्यांच्या भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. मी आमचा अर्थ सांगितला, बापाची बहीण. तिने तोंडात धरलेले चिमटे काढले आणि म्हणाली, “मग झालं तर. तुझी मी बहीण आणि तुला मूल झालं की त्याची आत्या. एका शब्दात दोन्ही भागलं.” माझी बायको मृणाल तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती.

इरा झाली, आणि बारशाला माझ्या सख्ख्या बहिणीचा व्हिसा वेळेवर आला नाही. आई मात्र बाळंतपणासाठी आली होती, बॅगेत जाडजूड लोखंडी कढई घालून, कारण इथल्या भांड्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आत्याशिवाय बारसं कसं करायचं हा तिला घोर. मी म्हटलं, शेजारी आते आहे की. आईने थोडे आढेवेढे घेतले, पण ऐकलं. मी तेसला सगळं शिकवलं... बाळाच्या कानाशी वाकायचं, कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायका पाठीत धपाटे घालतात. धपाट्यांचं ऐकून ती भलतीच खूश झाली. नाव सांगायचं आणि वर मारही खायचा, असलं काही तिने आजवर ऐकलं नव्हतं. दोन दिवस ती वॉर्डात ज्याला त्याला तेच सांगत होती.

बारशाच्या दिवशी ती आली ती हातात मोठा स्टीलचा ट्रे घेऊन. लेचोन कवाली. मला आधी कव्वाली ऐकू आलं होतं, बारशाला कव्वाली कशाला, असंही मनात येऊन गेलं होतं! कवाली म्हणजे त्यांची कढई. डुकराच्या पोटाचा मोठा तुकडा, वरच्या कातडीसकट, मिरी-लसूण-तमालपत्र घालून उकडायचा, चांगला सुकवायचा आणि मग भरपूर तेलात कातडीला फोड येईपर्यंत तळायचा. तिच्या घरी मोठ्या आनंदाच्या दिवशी हेच हवं. आईने ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अरे, हे घरात काहून आणलं? पाळण्याच्या दिवशी?” मी ट्रे घेतला, वास पसरू नये म्हणून फॉइलने गच्च झाकला आणि बाहेर गाडीच्या डिकीत ठेवून आलो. तेसला सांगितलं, फ्रिजमध्ये जागा नाही, गाडीत ठेवलाय. आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचणाऱ्या नर्सला मी हे सांगत होतो. “ग्रँड, ग्रँड,” ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल, चालेल’. मग पाळण्याशी वाकली, इराच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि तशीच वाकून राहिली. पाठ पुढे करून. जमलेल्या मराठी बायकांनी आईकडे पाहिलं आणि आई हळूच म्हणाली, “राहू द्या, परकी बाई आहे.” तेस आणखी क्षणभर तशीच थांबली... मग सरळ उभी राहिली आणि हसली. जाताना डिकीतला ट्रे तिने स्वतःच काढून नेला.

मी माफी मागितली नाही. सात वर्षं मागितली नाही. तिने मात्र काही घडलंच नाही अशा रीतीने इराला वाढवलं. आम्ही दोघं ऑफिसात असलो की इरा शाळेतून थेट तिच्याकडे. तेसच्या स्वयंपाकघरात तिचं स्वतःचं स्टूल होतं. तिथे ती लेचोन कवालीसुद्धा खायची. आम्हाला ते ठाऊक होतं, नागपूरला ते कळवायची गरज आम्हाला कधी वाटली नाही. तेसची एक सवय होती. तळून काढलेल्या तुकड्यावर चमच्याच्या पाठीने टकटक करायची आणि कान खाली न्यायची. आवाज पसंत पडला तरच सुरी हातात घ्यायची. इराही शेजारी स्टुलावर गुडघे टेकून कान लावायची. आमच्या घरी मात्र तेस येताना नेहमी भाज्या घातलेल्या शेवयाच आणायची, आणि दर वेळी त्या शेवया बघून माझं मन खायचं.

गेल्या हिवाळ्यात तिला पोटाचा कॅन्सर निघाला. तो कुठवर गेलाय हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं असावं. शेवटी शेवटी ती घरीच होती. एका दुपारी ग्रेस ड्यूटीवर गेली असताना मी तिच्याजवळ बसलो होतो, आणि त्या ट्रेचं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. “आते, बारशाच्या दिवशी मी...” एवढंच म्हणालो. तिने हात वर केला.

“मी तुला खा म्हणत नव्हते. तेव्हाही नाही,” ती म्हणाली. “आताही खा म्हणत नाहीये. कर म्हणतेय. चाळिसाव्या दिवशी. ग्रेसच्या भरवशावर राहू नकोस, ती एअर फ्रायरमध्ये करते. तसं केलंत तर मी परत येईन.”

मी हो म्हणालो. सात वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

तिला शेवटचं तिच्या गावी, तिच्या भावंडांकडे नेलं. इथल्यांसाठी उरला होता तो चाळिसावा दिवस. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, फसलेली गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघण्यावरच माझं पोट. मृणाल म्हणाली, डब्लिनमधून तयार मागव ना, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, मला कळेल. तिने हात जोडले आणि अट घातली, ते माझ्या फ्रिजमध्ये येणार नाही. म्हणून पहिला तुकडा आणला त्याच दिवशी उकडून मी नुसता पुसला आणि तेलात सोडला. त्यातलं पाणी असं उसळलं की मनगट भाजलं, आणि कातडी निघाली जुन्या चपलेसारखी. दुसऱ्या वेळी मृणालचा हेअर ड्रायर वापरला. पाऊण तास. बाहेरून करपलं, आत चिवट राहिलं, आणि ड्रायरला लसणाचा वास लागला तो वेगळाच. या देशात टॉवेल दोन-दोन दिवस सुकत नाही, तिथे कातडी काय सुकणार! ग्रेसला विचारलं. ती म्हणाली, दोन दिवस फ्रिजमध्ये, उघडं. आणि तळल्यावर झाकायचं नाही, कधीच नाही, वाफ धरली की दहा मिनिटांत मऊ पडतं.

फोन ठेवता ठेवता मला तो ट्रे आठवला. बारशाच्या दिवशी तिने ट्रे उघडा आणला होता, वर नुसता पातळ पंचा टाकून. गच्च झाकला होता तो मी. पदार्थ नाकारणं तर राहिलंच बाजूला, मी तिच्या दोन दिवसांच्या कष्टांची माती करून तिला परत दिली होती, आणि हे तिला ट्रे उचलतानाच कळलं असणार. तिसरा तुकडा घरी आणला तेव्हा मी मृणालला हे सांगितलं. थोड्या वेळाने बघतो तर फ्रिजचा खालचा अख्खा कप्पा रिकामा केलेला होता, कोथिंबीर आणि दही वर गेलं होतं.

आईलाही सांगितलं. लपवून करायचं नव्हतं. व्हिडिओवर तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “कढई कोणती घेतली?”

“तू आणलेली.”

“...जाड आहे ती. तापायला टाइम घेते. घाई नको करू.”

चाळिसाव्या दिवशी शनिवार होता. सकाळी दहाला कढई चढवली, आईने सांगितल्याप्रमाणे शांतपणे तापू दिली. तुकडा सोडला, पातेल्याच्या झाकणाची ढाल धरून उभा राहिलो. तेलाचा आधी कल्लोळ झाला, मग तो हळूहळू बारीक होत गेला, आणि कातडीवर एकामागून एक फोड उठू लागले. काढून जाळीवर ठेवला. तेसचा चमचा ग्रेसने इराला दिला होता. इरा आमच्याशी कायम इंग्रजीतच बोलते, तेही इथल्या हेलात. तिने स्टूल ओढलं, टकटक केलं, कान खाली नेला. मृणाल आणि मी तिच्या मागे उभे.

“कुर्र म्हणतंय, बाबा.”

मराठीत! तेसने तिच्या कानात सांगितलेला पहिला शब्द. मृणालचा हात आपसूक वर गेला आणि वाकलेल्या इराच्या पाठीत एक हलका धपाटा पडला. “हे कशाला?” इराने विचारलं. तेव्हा ओट्याशी उभं राहून मी तिला तिच्या बारशाची सगळी गोष्ट सांगितली, डिकीसकट.

ट्रे तेसचाच होता. तो डिकीत ठेवला नाही. मृणाल पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसली, वर पातळ पंचा टाकून, आणि प्रार्थनेचा हॉल येईपर्यंत आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या, पाऊस आत येत होता तरी. ग्रेसने पहिला तुकडा तोडला, डोळे मिटून चावला आणि मान हलवली. मी खाल्लं नाही. विचारणारे विचारतात, म्हणून सांगून टाकतो. आतेने कर म्हटलं होतं.

आता तो चमचा आमच्या ड्रॉवरमध्ये असतो. पापड असो, बटाटेवडा असो, कढईतून काही बाहेर आलं की इरा वाकून टकटक करते आणि कान लावते. वाकलेली तशीच थांबते, पाठ पुढे करून... आणि मी जिथे असेन तिथून येऊन तिच्या पाठीत एक धपाटा घालतो. तिच्या आतेचा राहिलेला.