बाबांची फर्स्ट शिफ्ट

बाबा आता खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतात. रविवारी ते पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

माझे वडील भीमराज चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा दाबून भाग काढायच्या विभागात होते. निवृत्तीनंतर ते आणि त्यांचे जुने सोबती निगडीत, जिथं कंपनीची बस थांबायची, तिथंच रोज सकाळी जमायचे. त्याला ते फर्स्ट शिफ्ट म्हणायचे. चालायचं, हातपाय हलवायचे, चहावर भांडायचं. जो आला नाही त्याच्या घरी दोघांनी जाऊन बघायचं, हा नियम. "खाडा लावायला आलो," म्हणत ते दारात उभे राहायचे. बाबा तापाने पडले तेव्हा यांनीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. माझ्या भावाला, समाधानला, ते दुपारी कळलं.

आई गेल्यावर समाधान बाबांना वाकडला, आपल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. "आयुष्यभर शिफ्ट केल्या, ताई. आता काडी उचलू देणार नाही." खरंच देत नाही. पाणी हातात, जेवण टीव्हीसमोर. खाली निघाले की, "कशाला, पडाल."

रविवारी मी म्हटलं, "बाबा, निगडीला जाऊन या की एकदा."

"कुणाकडे जाऊ? एक जण बघायला आला नाही. माझं नाव खोडलं असेल त्यांनी."

आज मंडईत त्या सोबत्यांपैकी धोंडीबाकाका भेटले. मी तिरकसच विचारलं, "मित्राला विसरलात वाटतं?"

"व्हय गं? त्याचा जुना नंबर लागंना, म्हनून आमी दोनदा आलो वाकडला. वॉचमननं वर फोन लावला. तुझा भाऊ म्हनला, झोपलेत. दुसऱ्या खेपेला म्हनला, काका, इथं असं येत जाऊ नका. आमाला पन लाज हाय, पोरी."

संध्याकाळी समाधानला विचारलं. तो म्हणाला, "बाबा रोज बसस्टॉपवर उभे राहणार म्हणजे लोक काय म्हणतील? मुलगा सांभाळत नाही?"

"म्हणून खोटं बोललास?"

"काळजीपोटी बोललो, ताई."

माझ्या मुलीला, दिव्याला, कॉलेजातून यायला उशीर झाला की मीही दहादा फोन लावते. म्हणून मी तिला कोंडून ठेवत नाही, की तिच्या मैत्रिणींना दारातून परत पाठवत नाही. ज्यांच्यासाठी हा माणूस रोज घराबाहेर पडत होता, त्यांनाच गेटवरून घालवायचं, आणि मग बाबा खचत चाललेत म्हणून डॉक्टरांकडे न्यायचं. डॉक्टर गुडघ्याच्या गोळ्या देतात. दुसरं काय देणार?

आणि वर मला सांगतो, "बाबांना यातलं काही बोलू नकोस, मनाला लावून घेतील."

घेऊ देत. समाधानवर चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत, चालेल. पण सोबत्यांनी आपल्याला टाकलं असं समजून ते त्या खुर्चीत बसलेत, ते मला चालणार नाही. भावाला विचारायचं नाही. उजाडलं की थेट बाबांच्या नव्या नंबरवर फोन लावणार आहे आणि आधी एवढंच सांगणार आहे: ते आले होते.