झाकणाची चौथी बाजू

नव्या पत्र्याला वास असतो. जस्ताचा मुलामा दिलेला कोरा पत्रा दुपारच्या उन्हात भिंतीला टेकवून ठेवला की थोड्या वेळानं तो वास सुटतो. थंड, आंबूस, जिभेवर पैसा ठेवल्यासारखा. डोळे दिपतात ते वेगळंच. भिलाईत कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत, कॅम्प-१ या मजूर वस्तीतल्या आमच्या दारात हा वास रोज असे. वर लाल मुरमाची धूळ, लांब कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज, आणि आमच्या ओसरीत पत्रा. लोकांना फुलांचे वास आठवतात म्हणे. मला हा आठवतो. यात लाजण्यासारखं काय आहे?

आम्ही पेट्या करायचो. भंडाऱ्याकडची शेतकरी माणसं आम्ही. पण माझे मालक, म्हणजे नवरा, गोंदियात एका टिनवाल्याकडे हात बसवून आले होते, आणि त्यांचं बघत बघत माझाही बसला. त्या दिवसांत भिलाईत जो उतरेल त्याला आधी पेटी लागे. केरळचा असो, आंध्रातला असो, पंजाबी असो, नाहीतर आमच्यासारखा भंडारा-गोंदियाकडचा. एका खोलीत सहा-सात जण झोपत. चूल सगळ्यांची, बादली सगळ्यांची, दोरीवरचे कपडेसुद्धा कोणाचे कोण घालून जाई. मग माणसाला आपलं म्हणायला काय उरतं? एक कुलूप लागणारी पेटी. तिच्यात आईनं दिलेलं लोणचं, एक बरा सदरा, बायकोचं पत्र. माणूस भुकेला राहील, पण कुलपाशिवाय झोपणार नाही, हे मी तेव्हा शिकले. आणि कुलूप लागतं ते झाकण सरळ असलं तरच. पेटीचं पोट थोडं वाकडं चालतं. झाकण वाकडं चालत नाही.

आमच्याकडे झाकण हातानं वळे. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा ओंडक्यावर ठोकलेला होता, त्याच्या कडेवर पत्रा धरायचा आणि लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत वाकवायचा. चारही बाजू अशाच. ठोकून ठोकून माझा उजवा खांदा रात्रीला लाकूड होई.

तेवढ्यात मालकांना प्लांटात नोकरी लागली. आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? पण लगेच प्रश्न आला की दुकानाचं काय. माझे भासरे, म्हणजे मालकांचे मोठे भाऊ, आधीपासून प्लांटात पक्के होते आणि घरात त्यांचाच शब्द चाले. ते म्हणाले, दुकानाची शेड चहाच्या हॉटेलाला देऊन टाकू, बाईमाणूस काय ठोकत बसणार. मी म्हटलं, दुकान मी चालवीन. ठोकणार नाही, वाकवायचं मशीन आणा. असं मी थेट त्यांना म्हटलं नाही, अर्थात. भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. डोक्यावर पदर घ्यायचा, भिंतीकडे तोंड करायचं, आणि जे काय ते भिंतीला सांगायचं. भिंत ऐकते, आणि भिंतीमागचा माणूसही ऐकतो. बरीच वर्षं मी भिंतींशी चांगली भांडले आहे.

मशीनला ते तयार झाले. पण कोणत्या मशीनला? इथंच सगळी गोम होती. दोघे भाऊ रायपूरला जाऊन एका यंत्रांच्या वखारीत आठ फुटी बेंडिंग मशीन पाहून आले, आणि शेठला जबानही देऊन आले. घरी आले ते फुललेले. "बाप्पा! केवढं धूड हाय," मालक म्हणाले. "एकदा दांडा उचलला का आख्खा पत्रा असा पापडावानी दुमडते. ठेकेदाराच्या छपराच्या पन्हाळ्यायचं काम बी घेता येते."

"अजी, दांडा उचलला कोणं?" मी विचारलं.

"आमी दोघं जनं होतो ना."

"आन् तुमी दोघंही ड्युटीवर गेल्यावर?"

"दोन मानसं ठेवू. तू बस ना घरी आरामात, कावून जीव काढून राहिली?"

हे बघा, आरामाचं आमिष दाखवून बाईच्या हातातून काम काढून घेतात, आणि काम गेलं की बोलणंही जातं. दोन माणसं ठेवली की दुकान त्या दोन माणसांचं. ती निघून गेली की चहाच्या हॉटेलाचं. मशीन कोणतं यावर दुकान कोणाचं हे ठरणार होतं, एवढं मला लख्ख दिसत होतं. पण हे रडून सांगून उपयोग नव्हता. काम दाखवावं लागणार होतं.

आणि त्या दोघांना दोष तरी काय द्यायचा? शेतकऱ्याची पोरं. त्यांनी यंत्र निवडलं ते बैल निवडतात तसं: उंच, रुंद, अंगानं भरलेलं, कातडी चकाकणारी. पण बाजारात उभा बैल सगळेच पारखतात. औताला जुंपून बांधाशी वळवून पाहिल्याशिवाय बैल कळतो का?

मी म्हटलं, मी येते रायपूरला. मालकांनी कुरकुर केली, भासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मी पेटीच्या झाकणाचा पत्रा मापानं कापला, चारही कोपरे कातरले, धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळला आणि गाडीत बसले.

वखारीत ते आठ फुटी मशीन खरंच देखणं होतं. हिरवा रंग, दोन टोकांना वजनं, वरून पत्रा दाबून धरणारा एकसंध लांब जबडा, आणि खालून दांड्यानं उचलायची फळी, जी पत्र्याला वर वळवते. शेठनं लांब पत्र्याची पट्टी घातली, दोन हमालांनी दांडे उचलले, आणि पट्टी अशी सुबक वळली की मलाही क्षणभर मोह झाला. खोटं नाही बोलत.

मी माझा पत्रा सोडला आणि मालकांच्या हातात दिला. "याचं झाकण करून दाखवा."

पहिली बाजू झाली, फार सुंदर. दुसरीला, पहिल्या बाजूची उभी झालेली कड जबड्याच्या टोकाबाहेर काढून ठेवली, जमलं. तिसरीला दुसरीची कड तशीच बाहेर ठेवली; तीही जमली. मग चौथी. आता डावीकडेही कड उभी, उजवीकडेही कड उभी, आणि मध्ये दाबायला आठ फूट लांब जबडा! तो खाली येईना. मालकांनी पत्रा असा फिरवला, तसा फिरवला. घाम पुसला. रुळाच्या तुकड्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. रूळ आखूड, तो झाकणाच्या आत मावतो. त्याला चौथी बाजू आणि पहिली बाजू सारखीच.

शेठ हसून म्हणाला, "अरे बाई, चौथी साइड हाथ से ठोक लेना."

"मंग बाकी तीन बी हातानंच ठोकतो," मी म्हटलं. "तुह्या मशीनवर काय पापड वाळू घालू?"

हमाल हसले. भासरे हसले नाहीत. मी जीभ चावली, कारण ते मागंच उभे होते. वखारीत भिंत जवळ नव्हती, म्हणून मी त्या हिरव्या मशीनकडे तोंड केलं आणि त्यालाच विचारलं, "तो कोपऱ्यात उभा हाय, तो कोन?"

कोपऱ्यात तीन फुटी एक जुनं मशीन होतं, रंग उडालेलं. त्याचा वरचा जबडा एकसंध नव्हता. दाढा असाव्यात तसे लोखंडाचे वेगवेगळे तुकडे ओळीनं बसवलेले. मालक खालच्या आवाजात म्हणाले, "ते फुटकं हाय वो. जोडून ठेवलं हाय. आमी त्या दिशीच पाहून सोडलं."

शेठ माणूस खरा निघाला. तो म्हणाला, फुटलेलं नाही, असंच असतं. तुकडे काढता येतात, हवे तेवढेच ठेवता येतात. पण जाड पत्रा घेत नाही, लांब घेत नाही, म्हणून एकानं परत आणून टाकलं आहे. त्यानं बाजूचे तुकडे काढले, झाकणाच्या आत मावतील तेवढे ठेवले. माझा अडलेला पत्रा आत गेला. उभ्या कडा दोन्हीकडच्या मोकळ्या जागेत निवांत उभ्या राहिल्या, आणि चौथी बाजू वळली.

मी लगेच भाळले नाही. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या, प्रत्येक दाढेखाली एकेक घातली, जबडा दाबायला लावला आणि पट्ट्या ओढून पाहिल्या. सगळ्या घट्ट, एक मात्र अलगद निघून आली. ती दाढ ढिली होती. बोल्ट आवळून घेतला, पुन्हा ओढलं, मग पट्टी फाटली. तेव्हा पदर खोचला आणि दांडा धरला. उचलला, सोडला. परत उचलला. शेठ म्हणाला, "बस, हो गया बाई." मी म्हटलं, थांबा. कोणतंही ओझं सकाळी हलकंच असतं. हात भरून येईपर्यंत मी उचलत राहिले, आणि भरून आल्यावर आणखी उचललं, कारण मला घ्यायचं होतं ते संध्याकाळीही उचलवेल असं मशीन.

भासरे मालकांना म्हणाले, "मोठ्या मशीनची जबान देल्ली हाय आपन. आन् यावर ठेकेदाराचं काम होत नाही. हिले विचार, दिसभर उचलन का हे?"

विचारायला मालक वळले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी पदर सावरून सरळ भासऱ्यांकडे पाहिलं. "उचलीन, दादाजी. ठेकेदार आला का ठेकेदाराचं मशीन घेऊ. आज पेटीवाला दारात उभा हाय."

लग्नानंतर त्यांच्याशी मी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. छताला पाली चिकटतात तसे सगळे जागच्या जागी चिकटले. मग भासरे शेठकडे गेले आणि म्हणाले, "जबान माही होती, मीच वापस घेतो. ते लहान बांधून द्या." शब्द मागं घेणं त्या माणसाला किती जड गेलं असेल, हे मला ठाऊक आहे. त्यांनी तो घेतला. म्हणून पुढंही मी त्यांच्याविषयी कधी वाकडं बोलले नाही, आणि बोललेच तर तोंडावर.

पन्हाळ्यांचं काम आम्हाला कधीच मिळालं नाही. ज्यांनी मोठी मशीनं घेतली ते भिलाईबाहेर रसमड्याकडे कारखाने टाकून बसले, आम्ही कॅम्पातच राहिलो. याचा पश्चात्ताप होतो का? नाही. मी मागितलं होतं त्यापेक्षा कमी काही मला मिळालं नाही. त्या मशीनवर मी केस पांढरे होईपर्यंत झाकणं वळवली, आणि शेडला चहाचा वास कधी लागला नाही.

अजूनही कोणी नवं दुकान टाकणारा येतो आणि विचारतो, "आजी, कोनतं मशीन घेऊ?" किती फुटी, किती गेज जाडीचा पत्रा घेणारं, कोणत्या गावचं, सगळं तो पाठ करून आलेला असतो. मी एवढंच विचारते, दांडा कोण उचलणार? तो इकडेतिकडे पाहू लागतो. मग मी त्याला सांगते, बाबू, आधी घरी जा, ते ठरवून ये. आणि ज्याचं नाव ठरेल त्यालाच घेऊन ये, मशीन तो पाहील.