यादीबाहेरचा डबा

मेश्राम भाऊ सकाळी ऑफिसात आले की चहा, हजेरी, नमस्कार यांतलं काहीही करायच्या आधी कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या पाठीला उलटा हात लावून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "आज बरा आहे." त्यानंतर हजेरीवर सही. सुरुवातीला मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतो. पुढे त्यांना कधी उशीर झाला तर मीच अस्वस्थ व्हायला लागले.

मी आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, रजिस्टरात नंबर टाकायचा, पुढे पाठवायचा. चोवीस वर्षं हेच केलं. नागपूरहून लग्न होऊन रायपूरला, तात्यापारा मोहल्ल्यात आले. घरात मुलं मराठीला हिंदीत उत्तर देतात, त्यामुळे दिवसभरात पोटभर मराठी बोलायला मिळायचं ते मेश्राम भाऊंशीच. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेले. हे शहराच्या टोकाला बीरगांवला राहायचे आणि आमच्या खात्यातले कॉम्प्युटर सांभाळायचे, संविदेवर, म्हणजे वर्षावर्षाच्या करारावर. राज्य वेगळं होऊन नवीन झालं तेव्हा जुन्या राजधानीतून फायली ट्रक भरभरून आल्या, माणसं मात्र पुरेशी आली नाहीत. तेव्हा जे करारावर घेतले त्यांतले हे एक. दर मार्चला करार नवा व्हायचा. अधूनमधून पक्क्या नोकरीत घ्यायच्या लोकांची यादी निघायची, ती माझ्याच टेबलावरून जायची. मी नुसती मान हलवायची आणि ते म्हणायचे, "यादीत नाई म्हणून चालत नाई असं थोडीच आहे, ताई. चालून तर राहिलो."

मग ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात हलवायचं ठरलं. आमच्याकडे आठ जुने कॉम्प्युटर होते. एकात पेन्शन, एकात बदल्या, असं प्रत्येकात एकेक काम अडकलेलं. आठही मरायला टेकलेले आणि नव्या इमारतीत त्यांना जागा नाही. मेश्राम भाऊंनी सुचवलं की एक दणकट सर्व्हर घ्यावा आणि त्याच्या पोटात हे आठही जण बसवावेत. असं एक सॉफ्टवेअर असतं, त्यांनी मला समजावलं, की एका यंत्रात आठ यंत्रं नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलं बिऱ्हाड वेगळं आहे. सर्व्हरची फाइल वर गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटी साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं की आहे त्यात करून दाखव; दाखवलंस तर पक्क्या नोकरीसाठी तुझं नाव मी स्वतः पाठवीन. दारात फाइल घेऊन उभी असताना हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

आहे त्यात म्हणजे टायपिस्टसाठी आलेला एक साधा कॉम्प्युटर. ऑफिसात सगळे त्याला डबाच म्हणायचे. त्या सॉफ्टवेअरवाल्यांचीही एक यादी असते, कोणकोणत्या यंत्रांवर ते चालेल याची. आमचा डबा तिच्यात नव्हता. हे वाचून मेश्राम भाऊ इतका वेळ हसत राहिले की मला ते बरं वाटलं नाही. मग कामाला लागले. सॉफ्टवेअर अर्ध्यावर यायचं आणि थांबायचं, कारण डब्यातलं नेटवर्कचं कार्ड त्याला ओळखू येत नव्हतं. भाऊंनी कुठल्याशा परक्या देशातल्या माणसाने लिहिलेला तुकडा इंटरनेटवरून शोधून काढला, तो सॉफ्टवेअरच्या सीडीत घुसवला आणि पुन्हा सुरुवात केली. आता पडदा वांग्याच्या रंगाचा व्हायचा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि सगळं ठप्प. "आज बी भरीत," ते म्हणायचे आणि त्याच डब्यासमोर जेवणाचा डबा उघडायचे. पंधरा दिवस रोज भरीत. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर आठ नावं एकाखाली एक उभी होती, आठही हिरवी. भाऊ चष्मा पुसत बसले. 

एक खोट राहिली. डबा बंद करून परत चालू केला की सुरुवातीच्या दोन-चार सेकंदांत कळ दाबून एक लांबलचक ओळ टाइप करावी लागायची. ती चुकली की भरीत. ओळ आतच कायमची बसवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, पण दर वेळी ती पुसली जायची. म्हणून त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की याले बंद नका करू. आणि ती ओळ त्यांनी कुठेही लिहून ठेवली नाही. मी एकदा त्यांना चांगलंच झापलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाकी सगळं लिहून देल्लं, ताई. ही एक ओळ राहू द्या माह्यापाशी. हे लिहून देल्लं का माही गरज सरली." मला राग आला, असा कसा विचार करतो माणूस. माझी नोकरी पक्की होती, मला राग येणं सोपं होतं.

नव्या रायपुरात जाताना डबा त्यांनी जीपमध्ये मांडीवर घेऊन नेला. तिकडचे रस्ते रुंद, पण बस दिसली तर नशीब. बीरगांवहून दोन वाहनं बदलून भाऊ यायचे आणि आल्याबरोबर हात लावून बघायचे. साहेबांनी नाव पाठवलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, भेजेंगे.

सप्टेंबरात भाऊंना पिलिया झाला. काविळीला इकडे सगळे पिलियाच म्हणतात. ते दवाखान्यात होते आणि ऑफिसात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांपासून आमच्या टेबलांपर्यंत कुठलंही यंत्र चालवत नाहीत. बंद करायचं, पुसायचं, पूजा करायची. शिपाई ईश्वर डब्यापाशी थांबला आणि मला विचारलं, "दीदी, एला घलो बंद कर दँव?" म्हणजे यालाही बंद करू का.

मी "हव", म्हणजे हो, म्हटलं.

भाऊंचं बजावणं मी विसरले होते असं नाही. चालू यंत्राला कुंकू लावत नाहीत, आठ जणांचं ओझं वाहतोय तर एक दिवस त्यालाही विसावा मिळू दे, आणि उद्या फोनवर भाऊंना विचारून घेऊ, असं सगळं एकदम मनात आलं. नारळ मीच वाढवला. भाऊंना लवकर बरं वाटू दे म्हणून त्याच्यापाशी हातही जोडले.

दुसऱ्या दिवशी भरीत. पेन्शन बंद, बदल्या बंद, सगळंच बंद. भाऊंचा फोन लागेना. साहेबांनी मला त्यांच्या गाडीतून दवाखान्यात पाठवलं. भाऊंचे डोळे हळदीसारखे झाले होते. मी काय केलं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. मी काय मागायला आले आहे ते मला कळत होतं. म्हणून म्हटलं, "भाऊ, नका सांगू. तुम्ही बरे होईपर्यंत थांबतील ते."

"साहेब थांबतील. पेन्शनवाले म्हातारे थांबतील काय?" ते म्हणाले. "लिहा."

एकेक अक्षर त्यांनी सांगितलं. माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. एका ठिकाणी मी जागा सोडली नव्हती, ती सुधारायला लावली.

मी परत आले, ओळ टाकली, आठही नावं हिरवी झाली. आणि त्यानंतर मी जे केलं ते मला कुणीही सांगितलं नव्हतं. हातात ती ओळ लिहिलेला, बाहेरून आलेला कागद होता. इतक्या वर्षांची सवय. शिक्का मारला, आवक रजिस्टरात नोंद केली, नंबर टाकला आणि कागद साहेबांकडे पाठवला. पिशवीत ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं.

मार्चमध्ये भाऊंच्या कराराची फाइल वरून खाली आली. साहेबांनी शेरा लिहिला होता, "प्रक्रिया अभिलेख में उपलब्ध है। नवीनीकरण आवश्यक नहीं।" मी तशीच आत गेले. साहेब माणूस वाईट नव्हता, मला बसायला सांगितलं. म्हणाले, "दीदी, अब तो कोई भी चला लेगा। आप ही तो लिखकर लाई हैं।"  भाऊंना गेलेल्या पत्रावर जावक क्रमांक मीच टाकला.

उन्हाळ्यात बीरगांवला गेले. पिलिया उतरला होता, पण लिव्हर पार कामातून गेलं होतं. खाटेवर ते निम्मे उरले होते. वहिनींनी चहा दिला. मी माफी मागायची मनाशी जुळवून गेले होते, पण पहिलं त्यांनीच विचारलं, "डबा गरम होते काय जास्त?" मी म्हटलं, रोज सकाळी हात लावून बघते. हे खरं होतं. मग मी त्यांना रजिस्टरचं सांगितलं. ती ओळ साहेबांपर्यंत कशी पोचली हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. 

"नंबर काय पडला होता?" त्यांनी विचारलं.

"चार हजार एकशे बारा," मी म्हटलं. तो मला शोधावा लागला नाही.

त्यांनी तो ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. "चला," ते म्हणाले, "माही एक तरी गोष्ट यादीत लागली."

पंधरवड्याच्या आत ते गेले. पुढच्या वर्षी सर्व्हर आला, यादीतला. डबा भंगारात काढायचा कागद माझ्या टेबलावर आला, तेव्हा मी आधी उठून त्याच्या पाठीला हात लावला. तो थंड होता. मग खुर्चीत बसले आणि कागदावर नंबर टाकला.