दुसऱ्या केबलची वाट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — उद्या पारावर तुमची-माझी गाठ पडायची नाही.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. भूकंपात जुनं गाव पडलं आणि नवं दूर माळावर वसलं. जुन्या गावठाणात आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. तिथं माझी थोरली बहीण गेली, अक्का. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. तिचा चेहरा आठवतो असं मी सगळ्यांना सांगतो — खरं तर आठवत नाही. हेही खोटंच, पण लहान.

अलीकडं हायवेजवळ एका कंपनीनं मोठी इमारत बांधली. आत नुसते कॉम्प्युटर, रात्रंदिवस चालणारे. हे एआय म्हणतात ना, त्याचं काम. दवाखान्यातले एक्स-रे वाचायचे, पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखायचा, असलं. तिथला नियम एकच: काहीही झालं तरी बंद पडायचं नाही. म्हणून सगळं दोन-दोन. विजेच्या लाइनी दोन, जनरेटर दोन आणि बाहेर जाणाऱ्या केबलीही दोन, वेगवेगळ्या वाटांनी — एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. त्या केबली टाकायच्या कामावर सुपरवायझर मी होतो.

पहिली रस्त्याकडेनं गेली. दुसरी जुन्या गावठाणावरून जायची होती. ती मी टाकली नाही — म्हणजे टाकली, पण पहिलीच्याच चरात, तिला चिकटून. नकाशावर मात्र गावठाणातून गेलेली दाखवली.

का? मनाशी एक उत्तर तयार ठेवलं होतं: अक्काच्या जागेवर मशीन कशी घालू? ऐकायला किती बरं वाटतं, नाही? पण मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "खोद की बाबा. जपून खोद, हाडंबिडं लागली तर हाक मार." परवानगी होती. खरं कारण एवढंच की ऊन होतं, पडक्या भिंतींचे दगड होते आणि मला कंटाळा आला होता. कंटाळा — दुसरं काही नाही.

दोनेक वर्षं निभावलं. मग पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्त्याकडेनं खोदाई निघाली. जेसीबीवर सिद्राम होता — उमरग्याकडचा, कानडी ढंगानं मराठी बोलणारा, सरळ माणूस. केबल कुठं आहे, हे त्यानं मला आधी विचारलं होतं. मी गाडीतून उतरलोही नाही. बसल्या जागेवरून हात करून दाखवलं, आणि चुकीच्या कडेला दाखवलं. त्याच्या बकेटच्या एका फटक्यात दोन्ही केबली तुटल्या. कधीच बंद न पडणारी इमारत बंद पडली. तालुक्याला एक्स-रे काढून बसलेली माणसं तशीच बाकावर बसून राहिली.

कंपनीचे साहेब आले. त्यांचा प्रश्न साधा होता — एक तुटली हे समजलं, दुसरी कशी तुटली? आणि मी — थांबा, सांगतो. मी म्हणालो, हा सिद्राम जुन्या गावठाणातून चोरून मुरूम उचलतो, तिथं तोडली असणार. त्याच आठवड्यात त्यानं शेजारच्या माळावरून कुणाच्या तरी शेतात मुरूम टाकला होता, त्यामुळं ते पटण्यासारखं होतं. सिद्राम समोरच उभा होता.

"साहेब, म्या तिकडं गेलोच न्हाय," तो मला म्हणाला. "तुमाला ठावं हाय की."

ठाऊक होतं. मी म्हणालो, मला काय ठाऊक?

तेवढ्यावर थांबलो असतो तर — पण साहेबांना ती दुसरी जागा बघायची होती. मग भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, मी कुदळ घेऊन गावठाणात गेलो. खड्डा केला, बुजवला, तुटलेली केबल इथंच जोडली असं वाटावं म्हणून वरची माती ताजी दिसेल असा बुजवला. रस्त्याकडेच्या दोन्ही केबली माझ्याच माणसांकडून जोडून घेतल्या. त्यांची रोजी माझ्या हातात, ती कशाला बोलतील? भूकंपानंतर त्या जागेला कुणी चोरून कुदळ लावली असेल, तर ती मी.

ताजी माती गावानं पाहिली. मेलेल्या माणसांवरची माती विकतो म्हणून सिद्रामला कुणी काम देईना. त्याला पाणी विचारणंही लोकांनी बंद केलं.

केबली आजही एकाच चरात आहेत. इमारतीत आणखी कॉम्प्युटर आले, आणि सगळ्यांना वाटतं की दुसरी वाट आहे. त्याची भीती वाटते मला, पण रोज नाही. रोज आठवतो तो स्मृतिदिन.

गावातल्या चार जाणत्यांनी सिद्रामला निरोप धाडला होता — भूकंपाच्या स्मृतिदिनाला ये, नारळ फोड, माफी माग, मग बघू. तो आला. इथल्या कामावाचून त्याचं घर चालणार नव्हतं. आईनं त्याला स्मारकाच्या दगडावर कोरलेल्या अक्काच्या नावासमोर उभं केलं. "हिला सांग," ती म्हणाली. मी बाजूला फुलांचं ताट धरून उभा होतो. त्यानं हात जोडले आणि न केलेल्या गोष्टीची माफी मागितली, आधी कानडीत, मग आईला कळावं म्हणून मराठीत. आई रडली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला माफ केलं. पुढच्याच वर्षी ती गेली.

त्याच्या नारळाचं खोबरं मीच वाटलं. सिद्रामच्या हातावर तुकडा ठेवला तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली, तुकडा कपाळाला लावला आणि खाल्ला. मग मीही खाल्ला.