पिलनाम कुठल्या पानावर?

बुनिमला आमच्या गावात बुनिम म्हणून कुणी हाक मारत नाही. ती सांगबेची आई. सांगबेच्या आधी तिला पिलनाम झाली होती, तरी पिलनामची आई असं तिला एक दिवससुद्धा कुणी म्हटलं नाही. पिलनाम म्हणजे पुढचा नक्की मुलगा. ते पोरीचं नाव नव्हतंच, देवाकडं केलेली मागणी होती. मागणी पुरी झाली आणि पोर बाजूला पडली.

आमची घरं एका भिंतीची. लसूण काढायला दोघी एकाच वाफ्यात बसतो, त्यामुळं तिच्या पोटातलं मला ठाऊक असतं. तिला पहिल्यापासून वाचायचं वेड. रानातून आली की पाय रजईखाली, खाली चुलीच्या धगीनं तापलेली जमीन, शेजारी पुडीतली गोड कॉफी आणि नाकावर चष्मा. एवढं मिळालं की बाईला स्वर्गाची घाई नसायची. गेल्या हिवाळ्यात तिनं जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या खुनाची गोष्ट दोनदा वाचली आणि मी वाचायला मागितली, तर देता देता खुनी कोण ते सांगून टाकलं मेलीनं. त्यानंतर एका विधवेच्या आणि कोळशाच्या व्यापाऱ्याच्या लफड्याची कादंबरी. ती मात्र तिनं मला दिलीच नाही.

ही पुस्तकं पिलनाम धाडायची. न्हातीधुती झाली नाही तोच ती सोलला शहरबसवर कंडक्टर म्हणून गेली. माणसं आत कोंबायची, आपण दारात लोंबकळायचं, पत्र्यावर दोन थापा मारल्या की गाडी सुटायची. कामाची पाळी संपली की पोरींची कपडे उतरवून झडती, तिकिटाचे पैसे चोरलेत का म्हणून. दारात सापडून तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट चेचलं, त्याला नख परत आलं नाही. लोक बसमध्ये पुस्तकं विसरायचे, ती पिलनाम आईला पाठवायची. म्हणून बुनिमनं कितीतरी गोष्टींचा दुसराच भाग वाचलाय. पगारही घरीच यायचा. तो सांगबेच्या शाळेला जायचा, पुढं त्याच्या चर्चचा पाळक व्हायच्या शिक्षणाला.

सांगबे सोलमध्ये मोठा पाळक झाला. पिलनाम आता सुनचनच्या बाजारात तळलेली सुकट आणि मुळ्याची आंबवलेली किमची विकते. चर्चची पायरी तिनं कधीच सोडली. पण छुसकच्या, सुगीच्या सणाला दरसाल घरी यायची, रद्दीवाल्याकडनं आईसाठी पुस्तकं घेऊन.

या वसंतात सांगबेचं पुस्तक निघालं. त्याचीच जीवनकथा. त्यात गरिबी होती, आईची पहाटेची प्रार्थना होती, आणि फी भरायची वेळ आली की एक अदृश्य हात ती भरून जायचा. बुनिमनं ते पुन्हा पुन्हा वाचलं, शेवटी तर ओळीओळीवर बोट ठेवून. मग पिलनामचा फोन आला. तिनं खुशाली विचारली नाही.

"आये, मी कुठल्या पानावर हाय?"

बुनिम म्हणाली, परत बघते बाई, माझी नजर आता धड नाही. पिलनामनं फोन ठेवला. पुस्तकं यायची थांबली. छुसकला मी येणार नाही, असा निरोप तेवढा आला. बुनिमनं सांगबेला फोन लावून बहिणीचं नाव घाल म्हणून सांगितलं. त्यानं प्रेमानं समजूत काढली. पुस्तक घराण्याचं नाही, कृपेचं आहे म्हणाला, आणि ताई स्वतःच ख्रिस्ताच्या विश्वासात नाही, वाचणारे अडखळतील.

आमच्या चर्चमध्ये दर महिन्याला पाळकबाई, म्हणजे पाळकांची बायको, बायांची बैठक घेतात. हल्ली काय वाचलं आणि देवानं कोणता छोटा आनंद दिला, हे पाळीपाळीनं सांगायचं. सगळ्या एकच भक्तिपर पुस्तक सांगतात. बुनिमही वर्षानुवर्षं स्तोत्रं वाचली म्हणायची, आणि आनंद म्हणून परसातल्या झाडाचं केशरी काकीफळ पुढं करायची. त्या महिन्यात पाहुणा म्हणून खुद्द सांगबे आला होता. टेबलावर त्याच्या पुस्तकांची चळत होती.

बुनिमची पाळी आली. ती माझ्या शेजारीच बसली होती.

"ह्या खेपेला म्या माज्या ल्योकाचं पुस्तक वाचलं," ती म्हणाली. "त्यात एक अदृश्य हात हाय. त्यो अदृश्य न्हवता. म्या बघितलाय त्यो. मधल्या बोटाला नख न्हाई त्याच्या. माज्या पिलनामचा हात हाय त्यो."

मग पाळकबाईंनी डोळे मिटले.

"आमेन. देवानं लेकीचाच हात वापरला."

आमेन, सगळ्या म्हणाल्या. कुणीतरी हुंदका दिला. सांगबे उठून आईपुढं गुडघ्यांवर बसला आणि रडला. खोटं रडला असता तर बरं झालं असतं, पण आसवं खरी होती. पुढच्या आवृत्तीत ही साक्ष घालतो, असा त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला. टाळ्या पडल्या.

बुनिम माझ्या कानाशी आली. "म्या काय म्हनलं गं, आन् ह्यांनी काय ऐकलं?"

मी तिची चप्पल शोधून तिच्यापुढं ठेवली.

छुसकच्या आधी नवी आवृत्ती आली. बुनिमनं ते पान दुमडलं, मला सोबत घेतलं आणि आम्ही बसनं सुनचनला गेलो. पिलनाम सुकट तळत होती. तिनं जाळ बारीक केला, हात पुसले आणि ओळ मोठ्यानं वाचली. 'देवाने माझ्या थोरल्या बहिणीला आपल्या कृपेचे पात्र केले.'

"पात्र म्हंजी?"

"भांडं गं," बुनिम घाईनं म्हणाली. "देवाच्या हातातलं. लई मान असतोय त्याला."

पिलनाम चिडली नाही. ती चिडेल या आशेवर आम्ही गेलो होतो. चिडलेलं माणूस भांडायला घरी येतं तरी. तिनं पुस्तकाला तेल लागू नये म्हणून ते फळीवर वर ठेवलं.

"चर्चच्या सैपाकघरात भांड्यावर सुदिक नाव घातलेलं असतंय, आये."

मग गिऱ्हाईक आलं. तिनं सुकट तोलून दिली, आमच्यासाठी किमचीचा डबा बांधला, रस्सा सांडेल, सरळ धरा म्हणाली. सणाचा विषय तिनं काढला नाही. बुनिमनंही काढला नाही.

छुसकला सांगबे बायकापोरांसह मोटारीनं आला. बुनिमनं सगळ्यांना रांधून वाढलं, आणि कुणी म्हटलं, आई थकल्यासारखी दिसते, तर हसली.

पुढच्या बैठकीत तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, डोळे गेले, आता वाचत नाही. सकाळीच माझ्या सुईत दोरा तिनंच ओवून दिला होता. आनंदाचं पाळकबाईंनी विचारलंच नाही. त्या उठून तिच्याजवळ आल्या, तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि नजर परत यावी म्हणून लांबलचक प्रार्थना केली. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं.