मोहाच्या झाडांना फॉरेस्ट कोणी केलं?

मार्चचा दुसरा मंगळवार. साकोलीतल्या माझ्या ऑफिसात टेबलावर अर्जाच्या एका पानाचं भाषांतर होतं. मराठीतून इंग्रजी. तेच पान मी तिसऱ्यांदा करत होते.

सानगडीजवळच्या एका बचतगटाला मोहफुलं वाळवायला शेड हवं होतं. नागपूरची एक कंपनी ते बांधून देणार होती. गेल्या वर्षी अवकाळी पावसात वेचलेली फुलं अंगणातच कुजली. यंदाची फुलं पडायला लागली होती आणि कंपनीची मंजुरीची बैठक दुसऱ्याच दिवशी होती.

शेड जिथे उभं राहणार त्या मोहाच्या झाडांचं वर्णन मी 'ग्रोव्ह' असं केलं होतं. कंपनीच्या नितीनने ते खोडून 'फॉरेस्ट' लिहिलं. मग त्यांच्याच लीगल विभागाने विचारलं, वनखात्याची परवानगी कुठे आहे?

मी नितीनला फोन लावला.

"शब्द का बदलला?"

"मॅडम, ग्रोव्ह कोणाले समजते? फॉरेस्ट कसं भारी वाटते. फोटोही तसाच टाकला."

"तो फोटो नागझिरा अभयारण्याचा आहे."

"हो, पण चांगला आहे ना! बरं, मग वूड टाका. नाहीतर जंगल."

मी कपाळावर हात मारला.

फॉरेस्ट म्हणजे दूरवर पसरलेलं रान. आणि आपल्याकडे तो शब्द आला की मागोमाग वनखातं येतं. वूड त्याहून लहान, पण रानच. थिकेट म्हणजे आत शिरता येणार नाही अशी झुडपं. ऑर्चर्ड म्हणजे माणसाने लावलेली फळबाग. जंगल हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच नेला, आणि तिकडे जाऊन तो आणखी दाट झाला. ग्रोव्ह म्हणजे जवळजवळ उभी थोडीशी झाडं, खाली झुडपं नाहीत.

गटाच्या अध्यक्ष रेखाताई समोरच बसल्या होत्या. कंटाळून म्हणाल्या, "बाग लिहून टाका ना मॅडम एकदाचं!"

"झाडं कोणी लावली?"

"आमच्या आजेसासूच्याही आधीचे होत ते. मोहाले कोन लावते!"

"मग बाग नाही. झाडांखाली काय आहे आत्ता?"

"काय रायते? पालापाचोळा झाडून आंगनावानी केलं ना. आमाले फुलं येचाचे हायेत का काटे?"

फुलं पडण्याआधी झाडाखालची जमीन झाडून घ्यायची, ही इथली दरवर्षीची रीत. झुडूप उरणार कुठून? शिवाय ही झाडं रेखाताईंच्या स्वतःच्या धानाच्या शेताच्या बांधावरची. सातबारा अर्जाला जोडलेला. तो कोणी उघडूनही पाहिला नव्हता.

मी पुन्हा 'ग्रोव्ह' लिहिलं आणि नितीनला फोनवर सांगितलं, "आता बदललंत तर भाषांतरावरचा माझा शिक्का काढून टाका."

"पण लीगलच्या मॅडम ऐकून नाही राहिल्या ना!"

"त्यांना उद्या सकाळी सातला फोनवर घ्या. फोन हातातच ठेवा म्हणावं."

या धंद्यात मी एवढं शिकले आहे: शब्दकोश नंतर उघडावा, आधी जागा कशी आहे आणि कोणाच्या नावावर आहे ते विचारावं. नितीनसारखी माणसं दोन्ही करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी स्कूटी काढली. सातला मोहाखाली उभी राहून व्हिडिओ कॉल लावला. वाकून फुलं वेचणाऱ्या बायका, बांध, पलीकडचं उन्हाळी धान, सगळं फिरवून दाखवलं.

लीगलच्या मॅडम म्हणाल्या, "हे तर शेत आहे! मग हरकत कसली? मी आत्ताच मेल करते."

"नितीनलाही पाठवा," मी म्हटलं, "आणि तो नागझिऱ्याचा फोटो अर्जातून काढून टाकायला सांगा."

मग फोन पर्समध्ये टाकला, रेखाताईंनी पुढे केलेलं टोपलं घेतलं आणि ऑफिसची वेळ होईपर्यंत फुलं वेचली.